राजदूत ३५० चे आकडे कसे वाचायचे: जुन्या स्पोर्ट मोटरसायकलकडे वळणाऱ्या नवख्यांसाठी

राजदूत ३५० घ्यायचं मनात आलं आणि माहिती गोळा करायला बसलात, की एकाच गाडीचे तीन वेगवेगळे बीएचपी, म्हणजे ताकदीचे आकडे, समोर येतात. कुणी ३९ सांगतो, कुणी ३०.५, कुणी २७. गंमत अशी की तिघंही खरं बोलत असतात. मग बोअर-स्ट्रोक, टॉर्क, कॉम्प्रेशन रेशो, ड्राय वेट असे शब्द येतात आणि नवखा माणूस सगळ्यात मोठा आकडा लक्षात ठेवून बाकीचे सोडून देतो. नेमका तोच आकडा एकट्याने फार कमी सांगतो. हे आकडे एकमेकांना बांधलेले असतात. एकावरून दुसरा काढता येतो, आणि काढून पाहिला की गाडी रस्त्यावर कशी वागेल याचा बराच अंदाज घरबसल्या येतो. कॅल्क्युलेटर घ्या, शाळेचं गणित पुरेल.

पायरी १: कागद कुठल्या गाडीचा आहे ते आधी ठरवा

यामाहाची मूळ आरडी ३५० ही १९७३ ते १९७५ या काळातली जपानी गाडी. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं इंजिन, सहा गिअर, पुढे डिस्क ब्रेक. ताकद ३९ हॉर्सपॉवर, ७५०० आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर.

भारतात फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने यामाहाच्या परवान्याखाली १९८३ ते १९८९ या काळात जी बनवली ती राजदूत ३५०. ढाचा तोच, सहा गिअरही तेच, पण इंजिनाची ताकद उतरवलेली आणि पुढची डिस्क जाऊन तिथे ड्रम आलेला. हिच्यात पुन्हा दोन प्रकार. हाय टॉर्क, म्हणजे एचटी: ३०.५ बीएचपी, ६७५० आरपीएमवर. लो टॉर्क, म्हणजे एलटी: २७ बीएचपी, ६५०० आरपीएमवर. आपल्याकडे बोलताना सगळे सर्रास ‘आरडी’ म्हणतात, त्यामुळे परदेशी गाडीचे ३९ भारतीय गाडीला चिकटवले जातात. विकणाऱ्याने ३९ सांगितले तर तो खोटारडाच असेल असं नाही, त्याने बहुधा मूळ जपानी गाडीचा कागद वाचलेला असतो.

दुसरा घोळ नावाचा. राजदूत १७५ ही वेगळीच गाडी, एका सिलिंडरची, दूधवाल्यांची लाडकी. तिचा आणि हिचा संबंध टाकीवरच्या नावापुरता.

पायरी २: सीसी स्वतः काढून बघा

बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरून खाली होणारी चाल. राजदूतचे आकडे ६४ आणि ५४ मिलिमीटर. व्यासाचा वर्ग करा, त्याला ०.७८५४ ने गुणा, मग स्ट्रोकने, मग सिलिंडरच्या संख्येने. उत्तर ३,४७,४०० घन मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे ३४७ सीसी.

हे गणित करायचं कारण पुढे आहे. त्याच काळात आपल्या रस्त्यांवर आणखी एक ३५० होती, रॉयल एन्फिल्ड बुलेट. तिचे आकडे ७० आणि ९० मिलिमीटर, सिलिंडर एक, सीसी ३४६. दोघींचं आकारमान जवळजवळ सारखं, पण राजदूतचा बोअर स्ट्रोकपेक्षा मोठा आणि बुलेटचा स्ट्रोक बोअरपेक्षा मोठा. पहिलीला आखूड चाल, दुसरीला लांब.

आता पिस्टनचा सरासरी वेग काढा. स्ट्रोक मीटरमध्ये घ्या, दोनने गुणा, आरपीएमने गुणा, साठने भागा. राजदूत एचटी ६७५० वर असताना पिस्टन सेकंदाला १२.१५ मीटर धावतो. बुलेटचा ५६२५ वर, जिथे ती तिचे १८ बीएचपी देते, जवळजवळ १६.९ मीटर. म्हणजे जी गाडी कानाला किंचाळल्यासारखी वाटते तिचा पिस्टन, संथ वाटणाऱ्या बुलेटपेक्षा सावकाश पळतो. ‘जास्त आरपीएम म्हणजे इंजिनावर जास्त ताण’ हे सरसकट वाक्य इथे गळून पडतं. मूळ आरडी ७५०० वर नेली तरी पिस्टनचा वेग १३.५ च्या पुढे जात नाही.

बोअरच्या आकड्याचा आणखी एक उपयोग गाडी बघायला गेल्यावर होतो. इंजिन झिजलं की बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालतात, पुन्हा झिजलं की आणखी पाव. मेकॅनिकला विचारा, आत्ता आत कुठल्या साइझचा पिस्टन आहे. एक मिलिमीटरपर्यंत पोचला असेल तर पुढचं काम सिलिंडरचं लायनर (आतलं अस्तर) बदलण्याचं, आणि ते बोअर-पिस्टनपेक्षा मोठं काम आहे. ‘बोअर वाढवल्यावर गाडी फार पळते’ असं कुणी सांगितलं तर वरचं गणित ६५ घालून पुन्हा करा. ३५८ सीसी येतात, म्हणजे पूर्ण एक मिलिमीटर वाढवून कमाई अकरा सीसीची.

पायरी ३: बीएचपीला आरपीएमपासून तोडू नका

हा सगळ्या लेखाचा गाभा, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

टॉर्क म्हणजे क्रँकला, पिस्टन फिरवतात त्या दांड्याला, पीळ देण्याचा जोर. ताकद म्हणजे तो जोर आणि तो मिनिटाला किती वेळा लावला जातो, यांचा गुणाकार. म्हणून बीएचपी आणि आरपीएम माहीत असले की त्या आरपीएमवरचा टॉर्क आपोआप कळतो. बीएचपीला ७१२१ ने गुणा आणि आरपीएमने भागा, उत्तर न्यूटन-मीटरमध्ये मिळेल. (कागदावर बीएचपीऐवजी पीएस असेल तर ७०२३ ने गुणा. मेट्रिक हॉर्सपॉवर दीड टक्क्याने लहान असतो, एवढाच फरक.)

मूळ आरडी ३५०: ३९ बीएचपी, ७५०० आरपीएम, टॉर्क सुमारे ३७ न्यूटन-मीटर.
राजदूत एचटी: ३०.५ बीएचपी, ६७५० आरपीएम, टॉर्क सुमारे ३२.
राजदूत एलटी: २७ बीएचपी, ६५०० आरपीएम, टॉर्क सुमारे २९.५.
बुलेट ३५०: १८ बीएचपी, ५६२५ आरपीएम, टॉर्क सुमारे २३.
यामाहा आरएक्स १००: ११ बीएचपी, ७५०० आरपीएम, टॉर्क सुमारे १०.५.

लक्षात ठेवा, हा टॉर्क त्या त्या गाडीच्या सर्वाधिक ताकदीच्या आरपीएमवरचा आहे, तिचा कमाल टॉर्क नाही. कमाल टॉर्क नेहमी त्याच्या जरा खाली कुठेतरी येतो. बुलेटचा तर बराच खाली येतो, आणि म्हणूनच ती ट्रॅफिकमध्ये वरच्या गिअरवरही कुरकुरत नाही.

आता बुलेट आणि राजदूत पुन्हा शेजारी ठेवा. टू-स्ट्रोक प्रत्येक फेरीला एकदा पेटतो, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा. राजदूत एचटी ६७५० वर मिनिटाला १३,५०० वेळा पेटते. बुलेट ५६२५ वर सुमारे २,८०० वेळा. राजदूतचा एक सिलिंडर बुलेटच्या निम्मा, हे धरलं तरी मिनिटाला पेटणारं एकूण आकारमान राजदूतचं २.४ पट होतं. मग ताकदही २.४ पट हवी होती, ती मात्र १.७ पटच आहे. उरलेलं कुठे गेलं? टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येतं तेव्हा एक्झॉस्टचं दार उघडंच असतं. थोडं मिश्रण न जळता तसंच बाहेर निघून जातं, थोडा जळका धूर आतच राहतो. या गाडीच्या अॅव्हरेजबद्दल जी ओरड ऐकाल तिचं मूळ या गणितात आहे. मेकॅनिक कितीही चांगला असला तरी हे गळणं पूर्ण थांबवता येत नाही, कारण इंजिनाची रचनाच तशी आहे.

यामाहाने त्यावर एक उपाय केला होता, तो समजून घेण्यासारखा आहे. आरडीच्या आधीच्या आर५ मध्ये कार्बोरेटरकडून येणारी वाट पिस्टनच उघड-बंद करायचा. आरडीमध्ये त्या वाटेवर रीड व्हॉल्व्ह आला, म्हणजे पातळ पाकळ्या. आतला दाब कमी झाला की त्या उघडतात, वाढला की मिटतात, त्यामुळे आत आलेलं मिश्रण कार्बोरेटरकडे परत फेकलं जात नाही. परिणाम खालच्या आणि मधल्या आरपीएमवर दिसतो, तिथे ओढ सुधारते. यामाहाने या रचनेला ‘टॉर्क इंडक्शन’ असं नाव दिलं होतं.

तरीही टू-स्ट्रोकची खरी धार वरच्या भागातच. एक्झॉस्टचं दार उघडलं की त्याच्या फुगीर पोटात दाबाची लाट शिरते, ती पुढच्या अरुंद भागावर आपटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पण लाटेचा वेग ठरलेला असतो. ती नेमक्या वेळी परत पोचते ती आरपीएमच्या एका पट्ट्यातच. त्या पट्ट्याखाली गाडी साधी सरळ, पट्ट्यात शिरली की एकदम सुटते. लोक ज्याला ‘पॉवर बँड’ म्हणतात तो हाच. नवख्याने पहिल्या दिवशी एवढं करावं: मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू थ्रॉटल उघडत जावं आणि सुई कुठे असताना आवाज बदलतो ते बघून ठेवावं. वळणावर झुकलेले असताना ती सुई त्या जागी पोचू द्यायची नाही, निदान पहिले काही महिने तरी.

पायरी ४: एचटी की एलटी?

बाजारात एचटीच्या नावावर बरीच जास्त रक्कम मागितली जाते. माझं मत विचाराल तर हे वेड आकड्यांना धरून नाही.

वेगात गाडीला अडवते ती मुख्यतः हवा, आणि हवेवर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे ताकदीच्या गुणोत्तराचं घनमूळ काढलं की टॉप स्पीडच्या गुणोत्तराचा अंदाज येतो. २७ ला ३०.५ ने भागा आणि घनमूळ काढा: ०.९६. एलटीचा सर्वाधिक वेग एचटीपेक्षा चार टक्क्यांनी कमी. मूळ आरडीच्या ३९ शी एचटीची तुलना करा, ताकद २२ टक्के कमी, वेग आठ टक्केच कमी. या वयाच्या इंजिनात नीट न जुळलेले कार्बोरेटर किंवा काजळीने भरलेला सायलेन्सर याहून जास्त खातो.

पिकअपमध्ये फरक जास्त जाणवतो हे खरं, कारण तिथे घनमूळ मदतीला येत नाही. एलटीचा एक्झॉस्ट आवळलेला असतो, पेट्रोल वाचावं म्हणून. वरच्या आरपीएमवरची ती उसळी तिच्यात मवाळ होते. नवख्यासाठी ही उणीव आहे असं मला वाटत नाही.

आणि इतक्या वर्षांत सिलिंडर, सायलेन्सर, साइड पॅनल सगळं या गाडीवरून त्या गाडीवर गेलेलं असतं. स्टिकर एचटीचा आणि आतला माल एलटीचा, किंवा उलट, हे सर्रास सापडतं. स्टिकरचे पैसे देऊ नका. धड इंजिन असलेली एलटी ही खिळखिळ्या एचटीपेक्षा केव्हाही चांगली.

पायरी ५: लिटरमागे ताकद

बीएचपीला सीसीने भागा, हजाराने गुणा. मूळ आरडी ३५० चं उत्तर ११२. एचटी ८८, एलटी ७८. बुलेट ५२. १९६९ ची होंडा सीबी ७५०, ७३६ सीसी आणि ६७ हॉर्सपॉवर, म्हणजे ९१. आणि आपली आरएक्स १००? ९८ सीसी, ११ बीएचपी, उत्तर पुन्हा ११२.

हा आकडा मला नेहमी मजेशीर वाटतो. १९८५ साली आलेली छोटी आरएक्स लिटरमागे मूळ जपानी आरडीच्या तोडीची होती, आणि त्याच काळात बनणारी राजदूत मात्र मुद्दाम बरीच खाली आणलेली होती. त्यामुळे राजदूतच्या इंजिनात अजून ताकद दडलेली आहे हे खरं, आणि ती बाहेर काढायच्या नादात अनेक इंजिनं संपली हेही खरं. बाहेरून आणलेला एक्स्पॅन्शन चेंबर, म्हणजे फुगीर पोटाचा एक्झॉस्ट, बसवला की कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलावेच लागतात. ते न बदलता पळवलं तर मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि इंजिन सीज होतं, म्हणजे जाम बसतं.

पायरी ६: गिअर आणि वेग यांचं गणित

मागचं टायर ३.५०-१८. रिम १८ इंच, टायरची उंची दोन्ही बाजूंनी साडेतीन इंच, एकूण व्यास ६३५ मिलिमीटर, परीघ जवळजवळ दोन मीटर. म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी दोन मीटर पुढे जाते. यावरून सोपं सूत्र निघतं: आरपीएमला ०.१२ ने गुणा आणि क्रँक ते मागचं चाक या एकूण गुणोत्तराने भागा, ताशी किलोमीटर मिळतील. समजा वरच्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर ६ आहे. मग ६७५० आरपीएमला १३५ किलोमीटर.

आता कुणी पुढच्या स्प्रॉकेटला (साखळीच्या दातेरी चाकाला) एक दात वाढवला असेल तर हे सगळं सहा-सात टक्क्यांनी हलतं. गाडी त्याच वेगाला कमी ओरडते, पण पट्ट्यात शिरायला उशीर लावते. बघायला गेलात की दात मोजा, मिनिटभराचं काम आहे. स्पीडोमीटरवर मात्र विसंबू नका, जुनी मीटरं थोडी उदारच असतात. फोनमधला जीपीएस बरा.

पायरी ७: वजन

ड्राय वेट म्हणजे पेट्रोल-ऑइल न भरता केलेलं वजन. रस्त्यावर ती गाडी कुणी चालवत नाही. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, ते मिळवा, आणि त्यात स्वतःचं वजन घाला. राजदूत साधारण १५० किलोच्या घरात, सत्तर किलोचा चालक धरला तर एचटीच्या प्रत्येक बीएचपीला सुमारे सव्वासात किलो ओढायचे असतात. हेच गणित आरएक्स १०० ला साडेपंधराच्या पुढे जातं, बुलेटला तेराच्या आसपास. त्या काळी आपल्याकडे या गाडीचा एवढा दरारा का होता ते इथे कळतं.

पायरी ८: ब्रेक, म्हणजे कागदावरची सगळ्यात दुर्लक्षित ओळ

मूळ आरडीला पुढे डिस्क होती. होंडाने सीबी ७५० ला १९६९ मध्येच पुढची डिस्क दिली होती. राजदूतला १९८३ मध्ये ड्रम मिळाला, खर्च वाचवण्यासाठी. तो सात इंची, टू लीडिंग शू प्रकारचा, यामाहाच्याच एक्सएस ६५० च्या घरातला. या प्रकारात दोन्ही शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे तुकडे, ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने चावतात आणि फिरणारा ड्रम त्यांना आणखी आत ओढून घेतो. नीट लावलेला असेल तर पहिला ब्रेक चांगलाच लागतो.

पण पहिलाच. वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. म्हणजे १२० वरून थांबताना ड्रमला ८० च्या तुलनेत सव्वादोनपट उष्णता गिळावी लागते, आणि बंद डब्यातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर सरकतो, शूवरच्या लायनरची पकड घटते. त्यात टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जेमतेम. थ्रॉटल सोडला की बुलेट स्वतःहून मंदावते, राजदूत नुसती सरकत राहते. या गाडीची आरडी या अक्षरांवरून ‘रॅपिड डेथ’ म्हणून जी बदनामी झाली तिच्यात इंजिनाइतकाच वाटा या ओळीचा आहे.

म्हणून इंजिनावर पैसा घालण्याआधी पुढचा ब्रेक उघडा. ब्रेकचे लायनर बदलायचे असतील तर बदला, ड्रम लंबगोल झाला असेल तर लेथवर घासून घ्या. मग मुख्य काम: बाहेरच्या दोन लिव्हरना जोडणारी छोटी सळई. तिची लांबी चुकली की एक शू आधी चावतो, दुसरा मागाहून, आणि अर्धा ब्रेक वाया जातो. सळई सोडवा, दोन्ही लिव्हर हाताने शू टेकेपर्यंत न्या आणि त्या स्थितीत सळई बरोब्बर बसेल इतकी तिची लांबी करा. आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. हा ड्रम पुढे जाताना जितका पकडतो तितका मागे सरकताना पकडत नाही. चढावर थांबलात तर मागचा ब्रेकही दाबून ठेवा.

पायरी ९: कॉम्प्रेशन रेशोने घाबरू नका

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा. मूळ आरडीच्या कागदावर तो ६.६ असा दिसेल आणि तो फार कमी वाटेल. जपानी कंपन्या टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचं दार बंद झाल्यावर जेवढी जागा उरते तिथून मोजणी सुरू करतात, म्हणून आकडा लहान दिसतो. युरोपातल्या, पूर्ण स्ट्रोक धरून काढलेल्या आकड्यांशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही.

पायरी १०: आता खरी गाडी

वरचे सगळे आकडे नव्या इंजिनाचे. समोर उभी गाडी त्यातलं किती देते हे पुढच्या क्रमाने तपासा.

गाडी थंड असतानाच पोचा, आणि आधी गरम करून ठेवू नका असं आधीच सांगा. किकला काय प्रतिसाद मिळतो ते बघा. नंतर गरम इंजिनावर दोन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून काही किका मारा. आकडा किती आला यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, जास्त असेल तर बोअर-पिस्टनचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

प्लगचा रंग बघा. दोन्हीकडे सारखा तपकिरी हवा. एक पांढरट आणि एक काळा असेल तर कार्बोरेटर जुळलेले नाहीत किंवा कुठेतरी हवा शिरते आहे. या गाडीला दोन कार्बोरेटर, त्यामुळे दोन्हींच्या स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर जाणाऱ्या झडपा) एकाच क्षणी उचलल्या जातात का हे तपासावं लागतं. पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क, तेही प्रत्येक सिलिंडरला वेगळे, त्यामुळे टायमिंग दोनदा लावावं लागतं. एकाच बाजूचं लावून ‘ट्यूनिंग झालं’ म्हणणारे मेकॅनिक भेटतात. डायल गेज प्लगच्या भोकात घालून दोन्ही बाजू मोजणारा भेटला तर त्याला सोडू नका.

क्रँकची ऑइल सील हा या इंजिनाचा नाजूक भाग, विशेषतः वर्षानुवर्षं उभ्या गाडीत, कारण रबर सुकून कडक होतं. डावीकडची गेली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, थ्रॉटल सोडूनही आरपीएम लगेच खाली येत नाहीत आणि त्या बाजूचा पिस्टन तापतो. उजवीकडची, क्लचच्या बाजूची गेली तर गिअर ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअरबॉक्समधलं ऑइल आपोआप कमी होतं. सील बदलायला इंजिन पूर्ण उघडावं लागतं. विकणारा ‘टू-स्ट्रोक आहे, धूर येणारच’ म्हणाला तर किक मारल्यावरचा पहिल्या मिनिटाचा धूर आणि दहा मिनिटांनंतरचा धूर वेगळे बघा.

मग ऑइल पंप. यामाहाच्या ऑटोल्यूब रचनेत टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं इंजिन ऑइल) वेगळ्या टाकीतून पंपाने जातं, आणि किती जायचं हे आरपीएम आणि थ्रॉटल मिळून ठरवतात. अनेकांनी पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायला सुरुवात केलेली असते. ते चालतं, पण पंप आहे की नाही हे आधी माहीत हवं, नाहीतर पहिल्याच टाकीला कोरडं पेट्रोल घालाल. पंप असेल तर त्याच्या केबलची खूण जुळते का बघा आणि नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नाही याची खात्री करा. लांब घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी इंजिनावर सोडू नका. थ्रॉटल बंद म्हणजे पंपही कमी ऑइल देतो आणि इंजिन मात्र चाकाबरोबर जोरात फिरत असतं. अधूनमधून थ्रॉटल हलका उघडून मिटत जा. इंजिन अचानक आवळल्यासारखं वाटलं, ओढ गेली आणि आवाज कोरडा झाला, की विचार न करता क्लच दाबा. मागचं चाक जाम होण्याआधी तेवढाच वेळ हातात असतो, म्हणून वेगात असताना डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर ठेवायची सवय लावून घ्या.

कागदपत्रांकडे शेवटी वळा, पण पैसे देण्याआधी. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवून बघा. इंजिनं अदलाबदल होण्याचं प्रमाण या गाडीत भरपूर आहे. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं, ते कुठवर झालंय आणि कर भरलाय का हे विचारा. ‘व्हिंटेजमध्ये टाकू, काही काळजी नाही’ असं कुणी म्हणालं तर तारीख बघा. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे अगदी १९८३ च्या राजदूतलाही २०३३ उजाडावं लागेल.